आठ जातींची कुळकथा

सोलापुरातल्या अभ्यासिकांत पोलीस भरतीची, संयुक्त परीक्षेची तयारी करणारी मुलं शब्दांच्या आठ जाती घोकत असतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्ययं. पण आठच का?

आपल्याकडे यास्कांनी निरुक्तात चारच मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनींना सुबन्त आणि तिङन्त या दोन पुरल्या. विशेषणाला त्यांनी वेगळी चूल दिलीच नाही.

आठाचा आकडा जुना आहे तो ग्रीकांत. इसवी सनापूर्वी 100च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्स याने ग्रीक शब्दांचे आठ वर्ग केले. त्यांतलं उपपद (आर्टिकल) लॅटिनमध्ये नव्हतं. ते गळलं, उद्गारवाचकाची भर पडली, आकडा तोच राहिला. इंग्रजीत उपपद आहे, म्हणून लिंडली मरे याच्या 1795च्या व्याकरणात वर्ग नऊ झाले. मराठीत 'ए' नाही, 'द' नाही. नवातून ते वजा करा, उरतात आठ. 1836 साली, वयाच्या बाविशीत, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापलं ते हाच इंग्रजी नमुना समोर ठेवून. पुढे केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून ही सगळी मांडणी बारकाईने तपासली. मो. रा. वाळंबे यांच्या पुस्तकातून ती आजच्या परीक्षार्थींपर्यंत आली.

या मापात सोलापूरची बोली मात्र पुरती मावत नाही. 'तो म्हणाला की पाऊस येईल' यातला 'की' उभयान्वयी, 'चहा की कॉफी' यातलाही. पण सोलापूरकर म्हणतो, 'येतो की!' हा 'की' कोणत्या दोन गोष्टी जोडतो? एकही नाही. पादपूरणार्थक म्हणून त्याला केवलप्रयोगीत ढकलणं मला पटत नाही. तो रिकामी जागा भरत नाही, खात्री देतो. 'येतो' म्हणणारा कदाचित येणार नाही. 'येतो की' म्हणणारा आलाच समजा. यास्कांच्या निपातात तो सहज बसला असता, आणि ती जात आपण सोडायला नको होती.

परीक्षेत उत्तर पुस्तकातलंच लिहा, गुण त्यालाच आहेत. पण आपल्या आजीच्या बोलण्यातले असे 'की' वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. मराठीचं पुढचं व्याकरण लिहिणाऱ्याला ते लागणार आहेत.