सोमाली झोतवारा

(फिंडलेटर झोत). जून ते सप्टेंबरमध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून भारताकडे येणारा, वातावरणाच्या खालच्या थरातील वेगवान वायुप्रवाह. जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले.

दक्षिण हिंदी महासागरातील उच्च दाबाच्या क्षेत्रातून (पहा : मॅस्करीन उच्चदाब) निघालेले वारे पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशाला अडून उत्तरेकडे वळतात, विषुववृत्तापलीकडे पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे झुकून ते नैर्ऋत्य मोसमी वारे होतात (पहा : कोरिऑलिस प्रेरणा). प्रवाहाचा गाभा सुमारे १.५ किमी. उंचीवर असतो. त्याच्या ओढीने सोमालियाच्या किनाऱ्याशी खोलवरचे थंड पाणी पृष्ठभागी येते.

कोकण व घाटमाथ्याचा पाऊस मुख्यतः या प्रवाहाने आणलेल्या बाष्पावर अवलंबून आहे. सह्याद्रीला धडकून हवा वर चढते व पाणी सोडते. त्यामुळे सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील माण तालुक्यात जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास. मोसमी पाऊस जोरात असताना झोताचा गाभा द्वीपकल्पावरून जातो. खंडाच्या काळात तो दक्षिणेकडे सरकून श्रीलंकेच्या खालून निघून जातो (पहा : पावसाचा खंड).