सेशेल्सच्या नोटा : वाचलेले आणि वाचायचे राहिलेले

जुन्या चलनी नोटांच्या संग्राहकांमध्ये सेशेल्सच्या पन्नास रुपयांच्या एका नोटेची मोठी ख्याती आहे. १९६८ ते १९७३ या काळातील तारखा असलेली ही नोट. दर्शनी बाजूला राणी दुसरी एलिझाबेथ, शिडाचे जहाज आणि माडाची झाडे. राणीच्या चित्राजवळच्या झावळ्या न्याहाळल्या की त्यांतून ‘सेक्स’ या शब्दाची तीन रोमन अक्षरे उमटू लागतात. त्याच मालिकेतील दहा रुपयांच्या नोटेवर समुद्रकासव आहे आणि त्याच्या लगतच्या प्रवाळांत ‘स्कम’ हा शब्द वाचता येतो. स्कम म्हणजे पाण्यावर धरलेली घाण, आणि लक्षणेने हीन माणसे.

हे शब्द कारागिराने खोडसाळपणाने घातले, वसाहतीच्या राजवटीला टोमणा म्हणून घातले, की ते पाहणाऱ्याच्या नजरेतच जन्मले, यावर आजवर पुष्कळ तर्क लढवले गेले आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटेल. अर्थ कर्त्याच्या हेतूत असतो, संहितेत असतो की वाचकाजवळ, हाच तो प्रश्न. बाजारापुरते त्याचे उत्तर मिळालेले आहे : या तीन अक्षरांमुळे कोऱ्या नोटेचा भाव चढतो. मात्र दडलेला शब्द शोधण्याच्या नादात, नोटेवर उघड दिसणाऱ्या गोष्टी वाचायच्या राहून जातात.

पहिली उघड गोष्ट म्हणजे ‘रुपया’ हे नाव. सेशेल्सचा कारभार १९०३ पर्यंत मॉरिशसमधून चाले. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून लाखो करारबद्ध मजूर गेले, व्यवहारात रुपया रुळला आणि १८७७ पासून तेथे तेच अधिकृत चलन झाले. मॉरिशसच्या अंकित असलेल्या सेशेल्सलाही ते लागू झाले. स्वतंत्र वसाहत झाल्यावर सेशेल्सच्या सरकारने १९१४ साली स्वतःच्या नोटा काढल्या. नाव रुपयाच राहिले.

दुसरी उघड गोष्ट चित्रांची. १९६८ची मालिका ओळीने मांडून पाहावी. पाच रुपयांवर काळा पोपट, दहावर समुद्रकासव, वीसवर सुरय जातीचा समुद्रपक्षी, पन्नासवर जहाज, शंभरावर प्रचंड भूकासवे. राणीखेरीज माणसाचा चेहरा दर्शनी बाजूवर कोठेही नाही. उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे निसर्गाचा निर्जन नंदनवनी तुकडा, ही युरोपीय वाङ्मयाने रूढ केलेली प्रतिमा येथे सरकारी मुद्रेने प्रमाणित झालेली दिसते.

या प्रतिमेचे त्या काळातले मोल जाणण्यासाठी नोटांमागचे राजकारण पाहावे लागते. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने मॉरिशसपासून छागोस बेटे आणि सेशेल्सपासून अल्डाब्रा, फार्कार व देरोश ही बेटे तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ निर्माण केला. हेतू लष्करी तळाचा होता. अल्डाब्रा हे भूकासवांचे सर्वांत मोठे आश्रयस्थान. तेथे विमानतळ बांधण्याच्या बेताला शास्त्रज्ञांनी कसून विरोध केला आणि १९६७ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. शंभराच्या नोटेवरील प्राण्याचे घर असे वाचले.

छागोसमधील दिएगो गार्सियाला असे पाठीराखे लाभले नाहीत. तेथे आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांचे आणि हिंदी मजुरांचे वंशज अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नारळाच्या मळ्यांवर राबत होते. १९६६च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांत, समुद्रपक्ष्यांखेरीज तेथे मूळ रहिवासी उरणार नाहीत, अशी अपेक्षा नोंदलेली आहे आणि रहिवाशांचा उल्लेख टारझन व फ्रायडे या नावांनी केलेला आहे. डॅनियल डीफोच्या १७१९च्या कादंबरीतील फ्रायडे अडीचशे वर्षांनी सरकारी फायलीत अवतरला, तोही माणसांना अदृश्य करण्यासाठी! १९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले, १९७३ पर्यंत उरलेली बेटे. दीड-दोन हजार माणसांना घर सोडावे लागले. त्यांतील अनेकांना ‘नॉर्डवेर’ नावाच्या जहाजात कोंबून नेले आणि मॉरिशसला धाडण्यापूर्वी काहींना सेशेल्समधील माहे बेटाच्या तुरुंगात ठेवले.

तिसरी उघड गोष्ट सहीची. नोटेवर सेशेल्सच्या गव्हर्नरची सही असते आणि या नव्या प्रदेशाचा आयुक्तही १९७६ पर्यंत तोच गव्हर्नर असे. १९६९ ते १९७३ या काळात गव्हर्नर होते ब्रूस ग्रेटबॅच. दिएगो गार्सियावरची कुत्री मारून टाकण्याचा १९७१चा हुकूम त्यांचाच. रहिवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांची पाळीव जनावरे मारली गेली. १९७२ची पन्नास रुपयांची नोट हाती घेणाऱ्याला झावळ्यांतल्या अक्षरांसाठी डोळे ताणावे लागतात. ही सही मात्र काळ्या शाईत समोरच असते.

नोटेचा कर्ता कोण, असे विचारले तर बहुतेक संग्राहक अनामिक कारागिराच्या मागे लागतात. ज्याच्या नावाने कागदाला मूल्य आले, त्याच्याकडे लक्ष क्वचितच जाते. माडात दडलेला शब्द हा कारागिराचा विनोद असेलही; पण विनोदाला दाद देणारा रसिक वाचक, राज्यकर्त्याच्या पूर्ण वाक्याकडे पाठ फिरवून बसतो.

२९ जून १९७६ रोजी सेशेल्स स्वतंत्र झाले आणि तोडलेली तीन बेटे त्याला परत मिळाली. छागोस अलग करण्याची कृती कायदेशीर नव्हती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिले. तोवर त्या बेटांवर जन्मलेल्या पिढीतील कितीतरी जणांचा परदेशात अंत झाला होता. पन्नासची नोट संग्रहात असावीच. तिच्या शेजारी शंभराची भूकासवे आणि वीसचा समुद्रपक्षीही असावा, म्हणजे एका पानावर ही मालिका सलग वाचता येईल आणि तीत माणसे का नाहीत, हा प्रश्न विचारता येईल.