खुंटीपासून प्लगपर्यंत

भिंतीवर टीव्ही बसवणे हा काय इतिहासाचा विषय झाला, असे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या मनात येईल. यादव, निजाम, मुक्तिसंग्राम यांच्या पंक्तीला स्क्रू आणि खिळा कसा बसवायचा? परंतु माझे आयुष्य हाताने काम करणाऱ्या माणसांत गेले आहे. राजांचा इतिहास लिहिणारे मी बरेच वाचले. भिंतीला भोक पाडणाऱ्याचा इतिहास लिहिणारा मात्र क्वचितच भेटला. म्हणून आज तोच थोडासा सांगतो.

आपल्या मराठवाड्यातले जुने घर डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्या मातीची हात-दीड हात जाडीची भिंत, वर माळवद, भिंतीत कोनाडे आणि देवळ्या, आणि जागोजाग लाकडी खुंट्या. ही खुंटी बहुधा भिंत उभी राहतानाच तिच्या पोटात जाई. बराचसा भाग मातीत, वीतभर बाहेर. पागोटे कुठे अडकवायचे, कंदील कुठे, दावी-दोरखंड कुठे, हे घरधनी आणि गवंडी आधी ठरवून मोकळे होत. म्हणजे ओझे आधी ठरे आणि भिंत त्याच्या सोईने उभी राही. आज नेमके उलटे आहे. भिंत आधी बांधून होते आणि तिच्यावर काय टांगायचे ते बाजार मागाहून ठरवतो.

वीट आपल्याला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही मंदिरे विटांचीच आहेत. पण भाजलेली वीट साध्या माणसाच्या घरापर्यंत यायला विसावे शतक उजाडावे लागले. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा निजामाच्या राज्यातला मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि मूळ लासूर गावाखेरीज ही स्टेशनाची वस्ती वाढली. आपल्या गावाच्या नावातच आगगाडी आहे! स्टेशन आले की बाजार येतो, बाजार आला की सिमेंट आणि लोखंड येते. जाड भिंत गेली, नऊ इंची आली. खोल्यांच्या मधल्या भिंतीला तर साडेचार इंचच पुरे झाले. कोनाडा बुजला आणि खुंटीला जागा उरली नाही.

विटेत नुसता खिळा ठोकला तर विटेचा टवका उडतो आणि खिळा हलतो. म्हणून जुने वायरमन छिन्नीने चौकोनी खाच पाडीत, तीत लाकडाची गट्टी बसवून सिमेंटने पक्की करीत, आणि स्क्रू त्या लाकडात पिळीत. काम चांगले होई, पण वेळ फार लागे. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि वाळवीला ते आवडतेच.

यावर तोड निघाली ती लंडनमध्ये. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची उपकरणे बसवायची होती, आणि भिंतींची नासधूस होऊ द्यायची नव्हती. जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने तागाच्या तंतूंची, जनावराच्या रक्ताने चिकटवून कडक केलेली छोटी नळी तयार केली आणि १९११ साली तिचे पेटंट घेतले. तिच्या नावाचा आपल्याकडे ‘रावळ प्लग’ झाला. कुणा रावळांनी तो काढला असावा असेच ऐकणाऱ्याला वाटते. पुढे १९५८ साली जर्मनीतल्या आर्टुर फिशर याने नायलॉनचा प्लग काढला. हा मनुष्य शिंप्याचा मुलगा, शिक्षण कुलपे-लोखंडकामाच्या कारागिराचे, आणि २०१६ साली वारला तेव्हा त्याच्या नावावर अकराशेंहून अधिक पेटंटे होती.

या प्लगची करामत साधी आहे. तो भिंतीला चिकटत नाही. स्क्रू आत शिरला की तो फुगतो आणि भोकाच्या कडांवर दाब देतो. त्या दाबाने जे घर्षण होते तेच ओझे धरते. भोक प्लगहून सैल पडले, किंवा आतली भुकटी फुंकून काढली नाही, तर घर्षण गेले आणि त्याबरोबर आधारही गेला.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा संच म्हणजे काचेची अवजड नळी पोटात घेतलेली पेटी. तिला टेबल लागे, नाहीतर दारे लावलेले कपाट. ती टांगण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे. चपटा पडदा आला तेव्हा लोकांना वाटले की हा कॅलेंडरसारखाच हलका आहे. येथे थोडे गणित करू. संच १२ किलोचा आहे, आणि भिंतीपासून ४० सेंटीमीटर पुढे ओढता येणाऱ्या हातावर तो बसवला आहे. पट्टीचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून २० सेंटीमीटरवर असतील, तर वरच्या स्क्रूंना बाहेर उपटू पाहणारी ओढ सुमारे २४ किलोची होते. तोच संच भिंतीपासून ५ सेंटीमीटरवर ठेवला तर ही ओढ ३ किलोवर येते. संच तोच, भिंत तीच; भार आठपट. आणि घरातले पोर त्या हाताला लोंबकळले, तर विचारूच नका.

आता आपली भिंत पाहा. वरचा १५ ते २० मिलिमीटर गिलावा ओझे धरण्याच्या कामाचा नाही. ३५ मिलिमीटरचा स्क्रू घेतला, तर लोखंडी पट्टी आणि गिलावा वजा जाता विटेत उतरतो जेमतेम दीड सेंटीमीटर. म्हणून स्क्रू आणि प्लग असे लांब हवेत की गिलाव्यामागे विटेत निदान ५० मिलिमीटर जातील. भुकटीचा रंग पाहावा: आधी करडी, मग लाल. लाल होऊन पुन्हा करडी किंवा मातकट झाली, तर टोक सांध्यात शिरले आहे. भोक सरकवून विटेच्या मध्यावर घ्यावे. पांढरी आणि पिठासारखी निघाली, तर ती वीटच नव्हे, हलका सिमेंट ब्लॉक आहे, आणि त्याला निराळा प्लग लागतो. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीत मशीनचा ठोका बंद ठेवून नुसते फिरवावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण तेथून वायर जाते.

एवढे सारे त्या फिटर मुलाला ठाऊक नसते असे नाही. माझ्या ओळखीच्या काही मुलांना मी विचारले. त्यांना पगार नाही, नगामागे पैसे मिळतात; दिवसाला जितकी घरे तितकी कमाई. प्लग आणि स्क्रू दुकानातून मिळतील ते, लांब हवे असतील तर स्वतःच्या खिशातून. स्टुलावरून पडला, शॉक बसला, तर औषधाचा खर्चही त्याचाच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’ हा शब्द प्रथमच कायद्यात आणला. पण गावातल्या दुकानाने तोंडी बोलावलेल्या या मुलाची नोंद कोणत्या वहीत करायची? आणि ज्या विटेला तो भोक पाडतो, ती थापणारे कुटुंब उचल घेऊन भट्टीवर आलेले असते. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे, आणि पुष्कळ भट्ट्यांवर तो अजून खुंटीला टांगलेलाच आहे.

तेव्हा तुमच्या घरी फिटर आला तर त्याला घाई करू नका. स्क्रू आधी हातात घेऊन त्याची लांबी पाहा, आणि लांब स्क्रूचे पैसे वेगळे द्या. पट्टी बसल्यावर, संच चढवण्यापूर्वी, दोन्ही हातांनी तिला खाली आणि पुढे जोराने ओढून पाहायला सांगा. तो ओढेल, कारण ती सुटली तर काय होते हे त्याने पाहिलेले असते.