पुरोगामी म्हणजे नेमका कोणता पक्ष?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांची मुले ज्या महाविद्यालयांत शिकायला येतात, अशाच एका महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. साठोत्तरी साहित्याची पार्श्वभूमी सांगताना 'पुरोगामी चळवळ' हे शब्द एका तासात चार-पाच वेळा तरी आमच्या तोंडून जातात. अशाच एका तासाला द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, पुरोगामी म्हणजे नेमका कोणता पक्ष?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण उत्तर काही देता आले नाही. आम्ही स्वतः शिबिरांत, पथनाट्यांत आणि मोर्चांत वाढलेले. म्हणजे या घरातलेच. घरातल्या माणसाला घराचा पत्ता सांगता येऊ नये, याची बोच लागून राहिली. हा लेख त्या बोचेतून लिहिला आहे.

उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. नाशिक लोकसभा मतदारसंघातील दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवल्या तरी पुरे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत येथून दादासाहेब गायकवाड निवडून आले. काळाराम मंदिर सत्याग्रहात अग्रभागी असलेला, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावात जन्मलेला हा नेता शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार होता. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप आणि फेडरेशन समितीच्या एका छत्राखाली उभे होते. पुढे १९६३ साली याच मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीनशी झालेल्या युद्धानंतर ते देशाचे संरक्षणमंत्री झाले होते, त्यामुळे विरोधकांनी उमेदवार न देण्यास तत्कालीन कारण होतेच. तरीही प्रश्न उरतो. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी ही जागा जिंकली होती, ते पक्ष एवढ्या अवधीत गेले कोठे?

याचे बीज आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील दाभाडीत सापडते. काँग्रेस ही भांडवलदार-जमीनदारांची होत चालली, अशा तक्रारीतून १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी शेतकरी कामगार पक्ष उभारला. १९५० साली दाभाडीच्या अधिवेशनात या पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार करणारा प्रबंध संमत केला. सत्यशोधकी परंपरेतील बहुजन शेतकरी आणि मार्क्सची वर्गमीमांसा यांचा असा सांधा भारतात क्वचितच कोणी जुळवला असेल. परंतु प्रबंधाची शाई वाळते न वाळते तोच पक्षात फाटाफूट सुरू झाली. १९५४ साली स्वतः जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरेही त्याच वाटेने गेले. ज्यांनी घर बांधले तेच आधी बाहेर पडले. प्रबंध तेवढा मागे राहिला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीला एकत्र बांधणारे सूत्रच सुटले. यशवंतरावांनी तेव्हा जे केले त्याला आपण 'बेरजेचे राजकारण' म्हणतो. शेकापचे यशवंतराव मोहिते त्याच वर्षी काँग्रेसवासी झाले. पुढेही अनेक जण गेले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. या बेरजेला केवळ फोडाफोड म्हणणे अन्यायाचे होईल. आत गेलेल्यांपैकी अनेकांच्या मनात सहकार, शिक्षण आणि ग्रामीण भागाचा विकास यांची खरी आस्था होती. नाशिकपुरते बोलायचे तर १९६४ पासून ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर-अंबडची औद्योगिक वाढही नंतरच्या दशकांतलीच. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे आईबाप त्याच वाढीमुळे या शहरात आले. हे ऋण नाकारून इतिहास लिहिता येणार नाही.

मात्र ही बेरीज माणसांची होती. माणसे आत गेली तेव्हा त्यांचे कार्यक्रम उंबरठ्याबाहेरच राहिले. भूमिहीनांच्या जमिनीचा प्रश्न हे त्याचे ठळक उदाहरण. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. हजारोंनी तुरुंग भरले. ज्या रिपब्लिकन पक्षाच्या नावाने हे घडले तो पक्ष स्थापनेनंतर दोनेक वर्षांतच दुभंगला होता. घटनेच्या चौकटीतील हक्क आधी, की जमीन आणि भाकरी आधी, हा त्या फुटीमागचा एक मोठा वाद होता. पुढे गायकवाडांच्याच गटाने काँग्रेसशी हातमिळवणी केली. सत्तेच्या दारात ताटकळणाऱ्या या राजकारणाचा उबग आलेल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली. साठोत्तरी कवितेतील संतापाची चर्चा आपण प्रतिमा आणि भाषेच्या अंगाने भरपूर करतो. त्या संतापाचा एक रोख आपल्याच पुढाऱ्यांकडे होता, हे मात्र वर्गात सांगायचे राहून जाते.

१९७८ साली तर 'पुरोगामी' हा शब्द थेट सरकारच्या पाटीवर आला. शरद पवारांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलात काँग्रेसमधून फुटलेला गट, जनता पक्ष, शेकाप असे सारे होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेकाप न सोडता या मंत्रिमंडळात गेले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या आणि ठराव कागदावर राहिला. त्याचा निकाल लागायला, तोही नामांतराऐवजी नामविस्ताराच्या रूपाने, १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ठरावाच्या बाजूने हात वर करणारे अनेक पक्ष होते. जळत्या गावांत जाऊन आपल्याच मतदारांशी वाद घालणारे कार्यकर्ते पुरेसे नव्हते. फेब्रुवारी १९८० मध्ये सरकार बरखास्त झाले. १९८६ अखेरीस पवारही काँग्रेसमध्ये परतले. रिकाम्या झालेल्या विरोधी अवकाशात पुढे कोण शिरले, हे वाचक जाणतातच.

आत जावे की बाहेर राहावे, हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत १९४८ साली माजी उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे, म्हणजे नावानेच पुरोगामी अशा पक्षातर्फे, अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि तीन टक्के मतेही मिळवली नाहीत. पुढच्या पिढ्यांतील डाव्यांपैकी अनेकांनी त्यातून धडा घेतला आणि डेमोक्रॅटिक पक्षात शिरून काम करण्याचा मार्ग धरला. बर्नी सँडर्स २०१६ आणि २०२० मध्ये त्याच पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी लढले आणि दोन्ही वेळा हरले. परंतु तेथे पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. म्हणून २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांना पक्षाच्याच मातब्बर खासदाराला मतपेटीतून हरवता आले. आपल्याकडे तिकीट वरून येते. त्यामुळे तेथे आत शिरलेला भांडू शकतो. येथे आत शिरलेला बहुधा उपकृत होतो. अमेरिकेतील पुरोगाम्यांचे अनुकरण करा असे सुचवणाऱ्या आमच्या मित्रांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

मग बाहेर राहणेच श्रेयस्कर होते काय? तसेही म्हणवत नाही. रोजगार हमी योजनेचे उदाहरण पाहा. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे काँग्रेसचेच होते. १९७२ च्या दुष्काळात डाव्या पक्षांनी आणि संघटनांनी काढलेल्या मोर्चांनी त्या कल्पनेला बळ दिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, पुलोदच्या काळात, तो अमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला वाट दाखवणारा हा कायदा आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही हातांनी घडला. दोघांच्या मध्ये एक लिहून मांडलेली, मोजता येणारी मागणी होती: मागेल त्याला काम. जेथे अशी मागणी होती तेथे कोण कुठल्या पक्षात आहे याला दुय्यम महत्त्व आले. जेथे ती नव्हती तेथे पक्षांतर हाच कार्यक्रम झाला.

आज विधानसभेतील संख्या पाहिली तर मन खिन्न होते. २०२४ मध्ये २८८ जागांपैकी शेकापला सांगोल्याची एक आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला डहाणूची एक मिळाली. पण याच जिल्ह्याने दुसरेही एक चित्र पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. त्यातील बहुसंख्य आदिवासी कसत्या वनजमिनीचा हक्क मागत होते. लेखी आश्वासन मिळाले. ते पुरे झाले नाही म्हणून २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले. २०२३ चा मोर्चा दिंडोरीहून निघाला होता. दादासाहेब गायकवाडांच्या तालुक्यातून, जमिनीच्याच मागणीसाठी, चौसष्ट वर्षांनी.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उशिराने का होईना उत्तर दिले. पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. पण नुसत्या शब्दातून दिशा कळत नाही. कोणी स्वतःला पुरोगामी म्हणवले की त्याला पक्ष विचारू नये. कोणाची कोणती मागणी घेऊन निघालास आणि आत गेल्यावर तिचे काय केलेस, हे विचारावे. तिने हे वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, हे परीक्षेत लिहिले तर मार्क मिळतील का?" मिळतील, असे आम्ही म्हणालो. अभ्यासक्रमात ते नाही, हे तेव्हा सांगितले नाही.