एसएलआर रायफलीतील गॅसगळतीचे निदान

बेल्जियमच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह यांनी रचलेली ७.६२ मि.मी.ची एफएएल रायफल आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली आणि ‘एसएलआर’ म्हणून ओळखली गेली. १९७१च्या युद्धात ती आपल्या जवानांच्या हाती होती. गॅसवर चालणाऱ्या रायफलीचे बिघाड समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण तिच्यात गॅसचे प्रमाण रेग्युलेटरने हाताने कमी-जास्त करता येते.

गोळी नळीतून पुढे जाताना थोडा गॅस नळीच्या वरच्या छिद्रातून गॅस ब्लॉकमध्ये शिरतो आणि दट्ट्याला मागे लोटतो. दट्ट्याचा फटका बोल्ट कॅरियरला बसतो. मग दट्ट्या स्वतःच्या स्प्रिंगने पुढे परततो आणि कॅरियर मिळालेल्या वेगावर उरलेला प्रवास करतो. हा फटका अपुरा पडला, तर रिकामी पुंगळी बाहेर न पडता अडकते, किंवा ती बाहेर पडूनही बोल्ट पुरेसा मागे न गेल्याने पुढची गोळी उचलली जात नाही.

या लक्षणांवरून लगेच गळतीचा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. मळलेले चेंबर, सुके रेल, वाकलेला दट्ट्या, कमजोर काडतुसे हेही नेमके हेच करतात. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी दट्ट्या स्प्रिंगशिवाय गॅस ट्यूबमध्ये सोडून पाहावा. तो फिरवून कोणत्याही बाजूने सोडला तरी अडखळता कामा नये. गॅस प्लगची दिशाही तेव्हाच तपासावी. रायफल ग्रेनेडसाठी असलेल्या स्थितीत प्लग राहिला, तर दट्ट्याकडे गॅस जातच नाही आणि निर्दोष भाग विनाकारण खोलले जातात.

खरी गुंतागुंत रेग्युलेटरची. तिथून जादा गॅस मुद्दामच बाहेर सोडलेला असतो. रेग्युलेटर उघडला की जास्त गॅस निसटतो, बंद केला की दट्ट्याला जास्त मिळतो. तेव्हा त्याच्या छिद्राजवळची काजळी हा गळतीचा पुरावा नव्हे. संशय घ्यावा तो गॅस ब्लॉक नळीला जिथे बसतो त्या सांध्यावर आणि गॅस ट्यूबच्या आट्यांवर. हे भाग पुसून काही गोळ्या झाडल्यावर तिथे ताजी काजळी उमटली, तर मात्र ती गांभीर्याने घ्यावी.

मोजमापासाठी रेग्युलेटर पूर्ण उघडून मॅगझीनमध्ये एकेकच गोळी भरावी. दर वेळी रेग्युलेटर एक खूण बंद करत, मॅगझीन रिकामे झाल्यावर बोल्ट मागे अडकू लागेल तिथवर जावे आणि खात्रीसाठी आणखी एक-दोन खुणा बंद कराव्यात. ब्रिटिश नमुन्यात बोल्ट आपोआप अडकण्याची सोय नाही. तिथे पुंगळी कशी फेकली जाते यावरच विसंबावे लागते. प्रत्येक रायफलीची ही खूण नोंदवून ठेवण्याचा आग्रह मी धरतो. काडतुसे तीच असताना खूण हळूहळू बंद दिशेला सरकू लागली, तर गॅस कुठेतरी वाया जातो आहे किंवा घर्षण वाढले आहे. पूर्ण बंद करूनही बोल्ट मागे पोचत नसेल, तर रेग्युलेटरशी खेळणे थांबवावे.

उलट, गळती झाकायला रेग्युलेटर आवळत राहणे घातक. सांधा एखाद्या दिवशी काजळीने तात्पुरता बुजला, तर तोच दट्ट्या जास्त जोराने आदळतो, पुंगळीची कड फाटते आणि सुटे भाग लवकर झिजतात. सैल गॅस ब्लॉक किंवा ट्यूब आर्मररनेच नीट बसवावी. चिकट द्रव्याने सांधा भरू नये, ते त्या उष्णतेत टिकत नाही. दुरुस्तीनंतर जुनी खूण रद्द समजून रेग्युलेटर पुन्हा पूर्ण उघड्या स्थितीपासून जुळवावा.