शके १८१९ चें खग्रास ग्रहण व त्याच्या काचा

शके १८१९, हेमलंबी संवत्सर, पौष अमावास्या, शनिवार, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजीं विजयदुर्गापासून वऱ्हाडाकडे जाणाऱ्या पट्ट्यांत खग्रास सूर्यग्रहण दिसलें. धाराशिव जिल्ह्यांतील परांड्याच्या पश्चिमेस सुमारें नऊ-दहा कोसांवर, करमाळें तालुक्यांत, जेऊर हें रेल्वेचें स्टेशन आहे. तेथें त्या दिवशीं देशोदेशींचे ज्योतिषी जमले होते.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील प्रो. कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं तेथें सूर्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांचा वृत्तांत १९०२ सालीं छापून निघाला. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅंबेल यांनीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. त्याच दिवशीं वऱ्हाडांतील तळणी येथें ॲनी मॉंडर या विदुषी हौशी ज्योतिषांच्या एका ब्रिटिश मंडळीबरोबर आल्या होत्या. ग्रिनिच वेधशाळेंतील नोकरी त्यांनीं १८९५ त विवाहाच्या वेळीं सोडली होती. जवळ स्वतःचा लहान कॅमेरा, भिंग अवघें दीड इंच व्यासाचें. त्यांच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडळाचा जो किरण उमटला, तितका लांब तोंवर कोणाच्याहि काचेवर उमटला नव्हता. साधन लहान म्हणून साक्ष लहान ठरत नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

आतां साक्ष नसल्यास काय होतें तें पाहूं. लॉकियर यांनीं १८६८ च्या ग्रहणांत विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लाविला, अशी समजूत रूढ आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्या वर्षीं लॉकियर इंग्लंडांतच होते; सूर्यज्वालांच्या वर्णपटाचा त्यांचा प्रसिद्ध वेध २० ऑक्टोबरचा, ग्रहण तर १८ ऑगस्टचें. विजयदुर्गास ते आले १८९८ त. दोन ग्रहणें लोकस्मृतींत एक झालीं, इतकेंच.

सांप्रत गच्चीवर लहान दुर्बीण मांडून बाजारी कॅमेऱ्यानें तारे टिपणारे हौशी लोक एकाच तेजोमेघाचीं अनेक छायाचित्रें घेऊन तीं एकत्र करितात. पोथीच्या अनेक प्रती ताडून मूळ पाठ काढावा, तसाच हा प्रकार. परंतु सर्व प्रतींत तोच प्रमाद असेल तर ताडून तो जात नाहीं; कॅमेऱ्याचाहि कायमचा दोष तसाच उरतो, आणि तो वजा करण्यासाठीं झांकण लावून निराळीं चित्रें घ्यावीं लागतात. तयार चित्र जपून मूळ चित्रें टाकून देणें म्हणजे शुद्ध प्रत ठेवून पोथ्या जाळणें होय. प्रत्येक चित्रास पुष्पिका असावी: तिथि, वेळ, स्थळ, भिंग, आणि कॅमेरा किती सेकंद उघडा ठेविला तें.

परांडें तेव्हां निजामाच्या राज्यांत व जेऊर इंग्रजी मुलखांत असल्यामुळें या ग्रहणाचे कागद दोन्हीं दप्तरांत विखुरले असण्याचा संभव आहे. परांडें, भूम व करमाळें येथील ज्यांच्या घरीं त्या सालचीं पंचांगें, रोजनिशा किंवा पत्रें असतील, त्यांनीं तीं एकदां चाळून पाहावीं. एका ओळीची नोंदहि आम्हांस मोलाची आहे.