पायरीवरचे पाणी : जालना जिल्ह्यातील सामायिक पाणवठे आणि साथीचे रोग

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून स्थापन झालेला जालना जिल्हा काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. गोदावरी त्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि कुंडलिका जालना शहरातून जाते. परंतु एरवी या प्रदेशात माणसाचा पाण्याशी संबंध आला तो मुख्यतः साठवलेल्या पाण्याशी, म्हणजे विहीर, तलाव आणि बारव यांच्याशी. बारव म्हणजे पाण्याच्या पातळीपर्यंत दगडी पायऱ्या उतरत जाणारी विहीर. अंबड येथे अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली बारव या परंपरेतील आहे. साध्या आडातून पोहऱ्याने पाणी वर येते आणि काढणारा कोरडाच राहतो. बारवेत मात्र माणूस पाण्यापर्यंत खाली जातो, त्याच पायरीवर पाय धुतो, घागर भरतो, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून पोहायलाही तिथेच शिकतो. पिण्याचे आणि अंगाला लागलेले पाणी वेगळे ठेवण्याची सोय या रचनेत नव्हती.

तशी सोय जालन्यात अन्यत्र होती. मलिक अंबरच्या काळात येथील कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने काळी मशीद, तिच्यासमोर हमाम आणि सराई बांधली, मोती तलाव बांधला आणि जमिनीखालील नळांनी तलावाचे पाणी शहरातील हौदांपर्यंत आणले. हमाम हे सार्वजनिक स्नानगृह असले तरी तेथील रूढ रीत सर्वांनी एका कुंडात उतरण्याची नव्हती. पाणी अंगावर ओतून घ्यायचे आणि ते वाहून जाऊ द्यायचे, अशी ती होती. रोगजंतूंची कल्पना नसतानाही ही रीत बारवेपेक्षा निर्धोक ठरते, पण ती शहरापुरती आणि प्रवाशांपुरती राहिली. गावाला बारवच होती, आणि तिच्या पायऱ्याही गावातल्या सगळ्यांना खुल्या नसत. ज्यांना जातीमुळे तिथे उतरू दिले जात नसे, त्यांच्या वाट्याला त्याहून वाईट पाणी येई, हे पाणवठ्यांच्या सौंदर्याविषयी लिहिताना बहुधा गाळले जाते.

पटकी, म्हणजे कॉलरा, मरीआईच्या कोपाने येते अशी समजूत असताना १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखला तिचे जंतू कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात सापडले. बारवेशी सर्वांत घट्ट नाते मात्र पटकीचे नव्हे, तर नारूचे होते. नारू हा जवळजवळ मीटरभर लांबीचा, दोऱ्यासारखा कृमी असून त्याची मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर येते. फोडाची आग शमवण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कृमी आपल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचे टिंबाएवढे जलचर त्या अळ्या गिळतात, ते पाणी दुसरा कोणी पितो, आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायावर फोड उठतो. कृमी ओढून काढता येत नाही, कारण तुटला तर आतला भाग सडतो. म्हणून त्याचे टोक एका काडीला गुंडाळून दररोज थोडाथोडा पीळ देत तो आठवड्यांनी बाहेर काढला जाई, आणि तोवर रोगी ऐन हंगामात जायबंदी होऊन घरी पडून राही.

१९८४ मध्ये देशात नारूचे सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले, आणि रोगग्रस्त राज्यांत महाराष्ट्र होता. त्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाकडे लस नव्हती, औषधही नव्हते. पाणी कापडातून गाळणे, टेमेफॉस हे रसायन घालून सायक्लॉप्स मारणे, हातपंप बसवणे आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून पायऱ्या बंद करणे, एवढीच त्याची आयुधे होती. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. माणूस आणि पाणी यांच्यातील पायरी काढून टाकणे हाच त्या रोगावरचा उपाय होता, आणि बारवा ओस पडण्याच्या कारणांत बोअरवेलबरोबर त्यालाही जागा द्यावी लागते.

मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि प्रथम मोठ्या शहरांतील चित्रपटगृहे व व्यायामशाळांबरोबर जलतरण तलावही बंद केले, तेव्हा पाण्याविषयीची ही जुनी धास्ती पुन्हा जागी झाली. ती या वेळी चुकीच्या जागी होती. कोरोनाचा विषाणू पसरतो तो प्रामुख्याने श्वासातून. तलावाच्या पाण्यात ‘मुक्त क्लोरिन’, म्हणजे घाणीशी संयोग न पावता जंतू मारण्यासाठी उरलेला क्लोरिन, पुरेसा असेल तर विषाणू तग धरत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांना २०२१ मध्ये असे आढळले की लिटरमागे १.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन असलेल्या पाण्यात त्याची संसर्गक्षमता अवघ्या ३० सेकंदांत हजार पटींहून अधिक घटते. धोका होता तो काठावर : कपडे बदलण्याच्या कोंदट खोलीत, रांगेत आणि कठड्याला धरून धापा टाकत बोलणाऱ्या पोहणाऱ्यांत. म्हणून बंदीला आधार होता, पण तो पाण्याचा नव्हे, गर्दीचा. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात तलाव उघडले तेही केवळ राज्य, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्तरावरील खेळाडूंच्या सरावासाठी.

शेतातल्या विहिरीची स्थिती याच्या नेमकी उलट होती. तिच्या काठावर छत नसल्याने वारा मोकळा खेळे, पण पाण्यात क्लोरिनचा थेंबही नसे. आणि आदेशातील ‘जलतरण तलाव’ या शब्दांत ती बसतच नव्हती.